ड्वार्फ फोर्ट्रेसमधली मुलं: अठरा वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून

ड्वार्फ फोर्ट्रेस हा बुटक्या ड्वार्फांचा किल्ला वसवून चालवायचा संगणकावरचा गेम. त्यातलं वर्ष ३३६ दिवसांचं असतं, २८ दिवसांचे १२ महिने. टिक म्हणजे गेमच्या घड्याळाचा एक ठोका. एका दिवसाचे १,२०० टिक, म्हणजे वर्षाचे ४,०३,२००. गेम सेकंदाला १०० टिकच्या वेगाने पळत असेल तर एक वर्ष साधारण ६७ मिनिटांत सरतं. डिसेंबर २०२२ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात जी आवृत्ती आली तिच्यापासून मूल १८व्या वर्षी मोठं होतं, त्याआधीच्या आवृत्त्यांत ते १२व्या वर्षीच व्हायचं. हिशेब मांडला की कळतं, किल्ल्यात जन्मलेलं पोर हातात कुदळ घेईपर्यंत खेळणाऱ्याचे २० तास गेलेले असतात. वस्ती वाढून वेग ५० वर आला की तेच २० तास ४० होतात. ‘मुलांकडे लक्ष देऊ नका, आपोआप मोठी होतील’ हा जुना सल्ला १२ वर्षांच्या काळातला आहे. आता तो चालत नाही.

गोव्यात हा गेम खेळणारी आम्ही मंडळी मोजकीच, फोंडा, म्हापसा, डिचोली अशी विखुरलेली. पण बहुतेकांना एकच किल्ला वर्षानुवर्षं चालवायची आवड आहे. चतुर्थीच्या सुट्टीत सात ड्वार्फ घेऊन गाडा उतरवायचा आणि पुढचे कित्येक महिने तोच किल्ला वाढवायचा. अशा किल्ल्यात दुसऱ्या पिढीला पर्याय नसतो. पहिले सात आणि सुरुवातीचे स्थलांतरित लढाईत, पाण्यात, वेड लागून कमी होत जातात आणि त्यांच्या जागी उभी राहायला घरचीच मुलं लागतात. ती १८व्या वर्षी कशी निघतील हे आधीच्या १७ वर्षांत ठरतं, आणि त्यातलं बरंच आपल्या हातात असतं. इथे लिहिलेली पद्धत अशाच लांब चाललेल्या किल्ल्यांतून बसत गेली आहे.

आधी संख्येचं बघावं. जन्मांवर मर्यादा घालणारी एक सेटिंग असते आणि तिच्यात दोन आकडे असतात. मूळ किंमत १०० आणि १०००. पहिला आकडा म्हणजे किल्ल्यात जास्तीत जास्त किती मुलं, दुसरा म्हणजे मोठ्यांच्या संख्येच्या किती टक्के. दोन्हींतली जी मर्यादा आधी गाठली जाते ती लागू होते. मूळ आकड्यांवर सोडलं तर ८० मोठ्यांच्या किल्ल्यात १०० मुलं होऊ शकतात, आणि मग वेग बसतो, कपडा पुरत नाही, जेवणघरात पाय ठेवायला जागा राहत नाही. आम्ही २० आणि २५ ठेवतो. ८० मोठ्यांमागे २० मुलं सांभाळता येतात, त्यांची नावंही ध्यानात राहतात. ही मर्यादा फक्त जन्मांना लागते. स्थलांतरितांबरोबर आलेली मुलं तिच्यात अडत नाहीत, म्हणून आकडा मुद्दाम थोडा खाली ठेवलेला बरा.

वर्षाच्या आतलं बाळ आईच्या अंगावरच असतं. त्याला काम नाही, पण आईचं काम त्याच्यामुळे बदलतं. जन्माची बातमी आली की आई कुठल्या स्क्वॉडमध्ये, म्हणजे सैनिकी तुकडीत, आहे का ते त्याच वेळी बघावं आणि असेल तर काढून घ्यावं. हे नाही केलं तर ती बाळासकट लढाईला जाते. गेम तिला अडवत नाही, आणि वार बाळालाही लागतो. बाळ हातून सुटलं तर ती सगळं टाकून ते शोधायला धावते, मग समोर ट्रोल का असेना. एक वर्ष तिला आत ठेवावं. विणकाम, स्वयंपाक, कोरीव काम, काहीही चालतं.

पहिला वाढदिवस झाला की बाळाचं मूल होतं आणि खरी व्यवस्था तिथून सुरू होते. मुलाला स्क्वॉडमध्ये घेता येत नाही, मोठ्यांच्या वर्क डिटेलमध्ये, म्हणजे कामाच्या नेमणुकीत, घालता येत नाही. त्याच्यासाठी वेगळी सोय आहे. लेबर पडद्यावर स्टँडिंग ऑर्डर्समध्ये चोअर्स, म्हणजे मुलांची किरकोळ कामं, नावाचा भाग आहे. तिथे तीन गोष्टी ठरवता येतात: मुलांनी कामं करायची की नाही, केली तर कुठली, आणि कुठल्या मुलांना सूट द्यायची. बहुतेक जण पहिली चालू करून बाकी दोन तशाच सोडतात आणि पोर शत्रूच्या, म्हणजे गोब्लिनच्या, हाती लागलं की गेमला दोष देतात. यादीतली प्रत्येक ओळ वाचून खूण ठेवावी किंवा काढावी, आणि खूण करताना एकच प्रश्न विचारावा: या कामासाठी मूल कुठे जाईल?

अन्न साठवणीला नेण्याचं काम निःशंक द्यावं. शेतात तयार झालेलं पीक तसंच पडून राहिलं की वाया जातं, आणि मोठे शेतकरी पेरणीत गुंतले की उचलायला माणूस नसतो. प्लंप हेल्मेट हे अळंब्याचं पीक जमिनीखाली चारही ऋतूंत येतं, त्यामुळे हे काम वर्षभर संपत नाही. शेत, धान्याचा साठा आणि दारूची भट्टी एकाच मजल्यावर, वीस-पंचवीस पावलांत ठेवली तर दहा-बारा मुलं ही सगळी वाहतूक खेचून नेतात. मोठ्यांची किमान चार-पाच माणसं मोकळी होतात, आणि किल्ल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात त्या चार-पाच माणसांवर बरंच अवलंबून असतं. तयार वस्तू हलवणं, आतली साफसफाई, आतल्या आत फर्निचर नेणं, हेही द्यावं. चतुर्थीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी रानातून फळं-फुलं गोळा करून आणायला घरातली पोरं आणि बांधायला मोठी माणसं, तशीच ही विभागणी आहे.

लाकूड नेण्याची खूण काढावी. झाडं बाहेर पडतात, मूल बाहेर जातं. कचरा नेण्याची खूण तर सगळ्यात आधी काढावी, कारण त्यात दोन धोके एकत्र येतात. सडणारी वस्तू जमिनीखाली ठेवली की दुर्गंधीचे लोट उठतात आणि त्यातून जाणाऱ्या प्रत्येकाचं मन बिघडतं. उघड्यावर ते होत नाही, म्हणून शहाणा माणूस कचऱ्याचा ढीग वर, बाहेर ठेवतो. म्हणजे कचरा नेणारं मूल आपोआप तटबंदीच्या बाहेर. दुसरं, लढाईनंतर याच कामात प्रेतं आणि तुटलेले हातपाय येतात. सहा वर्षांच्या पोरीने शेजाऱ्याचा हात उचलून नेला तर त्याची आठवण तिच्या मनात राहते. या गेममध्ये आठवणी टिकतात आणि पुन्हा पुन्हा वर येतात. पुरण्याचं कामही त्याच कारणाने मोठ्यांकडेच ठेवावं.

जनावरं नेण्याचं कामसुद्धा बंद ठेवावं. त्यात कोंबडी कुरणात सोडण्यापासून पिंजऱ्यातलं हिंस्र जनावर दुसरीकडे हलवण्यापर्यंत सगळं येतं आणि गेम मुलासाठी त्यातलं सोपं निवडून देत नाही. लिव्हर ओढण्याची जबाबदारी मुलांकडे देऊ नये. पूल उचलायची वेळ येते तेव्हा एकेक पाऊल मोजायचं असतं, आणि मूल वाटेत खेळायला वळलं तर शत्रू आत येतो.

दगड वाहण्याविषयी थोडं जास्त सांगायला हवं. गेमच्या फाइलीत ड्वार्फच्या शरीराचं आकारमान दिलेलं आहे: जन्मताना ३,०००, वय १ वर्ष १६८ दिवस झालं की १५,०००, आणि १२व्या वर्षी ६०,०००, म्हणजे पूर्ण वाढ. १२ ते १८ या सहा वर्षांत मुलाचं अंग मोठ्या माणसाएवढं असतं, फक्त हक्क मुलाचे असतात. म्हणून दगड, धातूच्या कांड्या, दगडी फर्निचर ही जड कामं १२च्या पुढच्यांनी करावीत. पण कामाची खूण सगळ्या मुलांना एकदम लागू होते, वयाप्रमाणे वेगळी देता येत नाही. इथे सूट देण्याची यादी उपयोगी पडते. जड कामं चालू करायची आणि १२च्या आतल्या सगळ्यांना सूट द्यायची. सूट सगळ्याच कामांतून मिळते, म्हणून तेवढ्या काळात अन्नाची वाहतूकही मोठ्या मुलांवरच येते. वर्षातून एकदा, वसंताच्या सुरुवातीला, ही यादी उघडून बारावं लागलेल्यांची सूट काढायची. लहानग्यांना दगडाच्या कामात ठेवलं तर एक धोंडा घेऊन ती अर्धा बोगदा अडवून चालत राहतात. दगडाच्या साठ्याला तीन हातगाड्या नेमून दिल्या की हाही त्रास बराच कमी होतो.

डिचोली-सांग्याकडच्या खेळणाऱ्यांना खाणीचा भाग आपलाच वाटतो. गेममध्ये लोखंडाची तीन खनिजं आहेत, हेमेटाइट, मॅग्नेटाइट आणि लिमोनाइट, आणि हेमेटाइट तर आपल्याकडे बार्जमधून मांडवीने वाहत गेलेलं. खनिज भट्टीपर्यंत नेण्यात पहिल्या काही वर्षांत किल्ल्याचा सगळ्यात जास्त वेळ जातो. पोलादाचा किल्ला उभारायचा असेल तर बारा ते अठराची मुलं इथेच लावावीत.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वाहतुकीतून कौशल्य मिळत नाही. मूल दहा वर्षं धान्य वाहत राहिलं तरी त्या धान्याने ते शेतकरी होत नाही, आणि अठराव्या वर्षी बातमी येते ती साध्या पेझंटची, म्हणजे कसलंच कौशल्य नसलेल्याची. मुलांच्या कामाचा फायदा आज मोकळ्या झालेल्या मोठ्या हातांत आहे. मुलाचा स्वतःचा फायदा दोनच ठिकाणी होतो, शाबूत राहिलेल्या मनात आणि ‘मूड’ नावाच्या घटनेत, जिच्याबद्दल पुढे येतंय. पण त्याआधी त्याला जिवंत ठेवायला लागतं.

त्यासाठी बरो हवा, म्हणजे ड्वार्फांना वावरायला आखून दिलेली हद्द. पूर्ण किल्ल्यात एक ‘मुलं’ नावाचा बरो आखावा आणि प्रत्येक मुलाला त्यात घालावं. त्यात काय यायला हवं ते नीट तपासावं: जेवणघर, दारूचा साठा, अन्नाचा साठा, शेतं, पाण्याची विहीर, झोपायची सामायिक खोली, मंदिर, टॅव्हर्न (पिण्या-भेटण्याची जागा) आणि ज्या साठ्यांतून वस्तू न्यायच्या ते दोन्ही बाजूंचे साठे. एकच टोक बरोत असेल तर ‘पोहोचता येत नाही’ अशा रद्द झालेल्या कामांच्या सूचनांचा पूर येतो आणि त्यात खरी धोक्याची सूचना बुडून जाते. क्राफ्ट्सड्वार्फचं, म्हणजे कलाकुसरीचं, वर्कशॉपही त्यात घालावंच, त्याचं कारण पुढे येतंय. व्यापाऱ्यांचा डेपो भक्कम भिंतींच्या आत असेल तरच बरोत घ्यावा. एल्फ वसंतात येतात, माणसं उन्हाळ्यात, ड्वार्फ शरदात. त्या काळात डेपोवर माल नेणारी मुलं फार उपयोगी पडतात, पण काफिल्याच्या पाठोपाठ टोळीही येऊ शकते. नवीन जन्मलेलं किंवा नव्याने आलेलं मूल बरोत आपोआप जात नाही. वसंतात सूट द्यायची यादी उघडतो तेव्हाच बरोची यादीही बघून घ्यावी.

मुलं पळवणारे गोब्लिन पोतं घेऊन लपत येतात आणि कोणी अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. त्यांच्यासाठी प्रवेशाची वाट एक किंवा दोन चौकोनांचीच ठेवावी आणि तिथे साखळीने कुत्रा बांधावा. चोर त्याच्या शेजारून गेला की उघडा पडतो. एक कुत्रा दाराशी आणि एक दहा-पंधरा पावलं आत बांधलेला चांगला, कारण पहिला मेला तर आपल्याला उशिरा कळतं. एकाच वाटेचा किल्ला मुलांच्या दृष्टीने नेहमीच सोपा. मागच्या बाजूने लाकडासाठी काढलेलं छोटं दार बहुतेक वेळा नडतं.

मनाच्या बाबतीत सगळ्यात आधी कपडे. ड्वार्फ मुलं मोठ्यांच्याच मापाचे कपडे घालतात, वेगळं माप नाही. म्हणून लहान मुलाच्या सदऱ्यालाही एक पूर्ण कापड जातं. अंगरखा, विजार आणि बुटांची जोडी धरली तर माणशी तीन कापडं. २० मुलांना एका फेरीला ६०. पिगटेल वनस्पतीपासून धागा, धाग्याचं मागावर कापड, कापडाचे शिंप्याकडे कपडे. मॅनेजरकडे कायमची ऑर्डर द्यावी की साठ्यात अंगरखे दहापेक्षा कमी झाले की दहा शिवा, आणि विजारी-बुटांचंही तसंच. कपडे झिजून फाटले की मुलाच्या विचारांत ते रोज दिसतं. अन्न-पाण्याचा अंदाजही ठेवावा. एक ड्वार्फ ऋतूला साधारण दोनदा जेवतो आणि चार-पाच वेळा पितो, आणि ड्वार्फांची मुलंही दारूच पितात. २० मुलांमागे ऋतूला ४० जेवणं आणि सुमारे १०० पेयं. भट्टीत एका वनस्पतीची पाच पेयं होतात, म्हणजे मुलांसाठीच ऋतूला २० वनस्पती बाजूला हव्यात. प्लंप हेल्मेट शिजवायला देऊ नये, शिजवलं की बी जातं. गाळलं किंवा कच्चं खाल्लं तर बी परत मिळतं.

खेळणी करावीत. क्राफ्ट्सड्वार्फच्या वर्कशॉपमध्ये दगडाची किंवा लाकडाची खेळणी होतात, मुलं ती साठ्यातून घेऊन खेळतात. वीसेक खेळणी पुरे. डेपोवर माल पाठवताना अख्खी पेटी विकायला निघते आणि तिच्यात खेळणीही जातात, म्हणून खेळण्यांचा साठा वेगळा, पेटीशिवाय ठेवावा. टॅव्हर्न आणि मंदिर मुलांनाही लागतं. तिथे ती इतरांशी बोलतात, नाचतात, गाणी ऐकतात, मैत्री करतात. मोकळं मूल आणि सतत ओझी वाहणारं मूल यांच्या विचारांची यादी शेजारी ठेवून वाचली तर फरक लगेच दिसतो. एखाद्याच्या चेहऱ्यावरचं चिन्ह लाल होऊ लागलं की त्याला चोअर्समधून सूट द्यावी आणि एक-दोन ऋतू खेळू द्यावं. वीस मुलांच्या किल्ल्यात दोन-तीन अशी असतातच, आणि त्यांच्यासाठी थोडं काम सोडून देण्यात काहीच नुकसान नाही.

शवपेट्या आधीच बसवून ठेवाव्यात, दहा तरी. मेलेल्याला पुरलं नाही तर त्याचं भूत फिरतं, आणि आई-बापाचं प्रेत वाटेत पडलेलं रोज बघणारं मूल सावरत नाही. लढाई जिथे होते ती जागा आणि मुलांचा वावर यांच्यात दार हवंच.

जमिनीखाली वाढणाऱ्या मुलांना आणखी एक त्रास होतो. वर्षानुवर्षं ऊन न बघितलेला ड्वार्फ बाहेर आला की त्याला गरगरतं, ओकाऱ्या होतात. बरोमुळे मुलं बाहेर जात नाहीत, म्हणजे ही सवय त्यांना नक्की लागते, आणि अठराव्या वर्षी स्क्वॉडमध्ये घेतल्यावर ऐन लढाईत त्याची किंमत मोजावी लागते. उपाय असा: किल्ल्याच्या वरच्या मजल्यावर एक पाच बाय पाचची जागा छत काढून आकाशाला उघडी करावी, वर जमिनीवर तिच्याभोवती भिंत घालावी आणि ती जागा बरोत घेऊन तिथे बसण्या-भेटण्याची सोय करावी. मुलं येता-जाता उन्हात येतात. उडणाऱ्या जनावरांचा धोका राहतो, म्हणून या अंगणाला दार असावं आणि ते पटकन बंद करता यावं. पाऊसही आत येणार. गोव्यात आपल्याला तीन-चार महिने भिजायची सवय, पण ड्वार्फ पावसात भिजला की कुरकुरतो. म्हणून जेवणघर किंवा टॅव्हर्न तिथे काढू नये.

आता मूड, म्हणजे मुलाचं नशीब पालटू शकणारी एकमेव घटना. किल्ल्यात पात्र ड्वार्फ किमान २० झाले की कधीतरी एखाद्याला झपाटल्यासारखं होतं, तो एक वर्कशॉप ताब्यात घेतो, सामान गोळा करतो आणि अद्वितीय वस्तू घडवतो. मुलंही यात येतात. वस्तू पूर्ण झाली तर घडवणारा त्या कौशल्यात थेट लेजंडरी, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचा, होतो. अपवाद फक्त ‘पझेस्ड’ प्रकाराचा. त्यात वस्तू मिळते, कौशल्य मिळत नाही. मूडमध्ये ड्वार्फचं जे सगळ्यात वरचं हस्तकौशल्य असेल ते वापरलं जातं, आणि मुलाकडे तसं काहीच नसतं. मग दगडी कलाकुसर, लाकडी कलाकुसर किंवा हाडांचं कोरीव काम यांतलं एक येतं, आणि तिन्हींना क्राफ्ट्सड्वार्फचं वर्कशॉपच लागतं. म्हणून त्या वर्कशॉपचा मुलांच्या बरोत समावेश. असं एक वर्कशॉप कायम रिकामं ठेवावं, त्याला कसलीही ऑर्डर देऊ नये.

सामानाचा साठा आधीपासून भरलेला असावा. वर्कशॉपवर क्लिक केलं की मूल काय मागतंय ते दिसतं, पण कोड्यात. गुप्त प्रकारात ते चित्रं काढतं: खाणीचं चित्र म्हणजे दगड, झाडांचं म्हणजे लाकूड, सांगाड्यांचं म्हणजे हाडं, चौकोनी ठोकळ्यांचं म्हणजे घडीव दगड, रचलेल्या कापडाचं म्हणजे कापड. कापड तीन प्रकारचं असतं, वनस्पतीचं, रेशमी आणि लोकरीचं, आणि एकाच्या जागी दुसरं चालत नाही. रत्नं कच्ची वेगळी, घासलेली वेगळी. आम्ही प्रत्येक गोष्ट तीन-चार नग अशी एका छोट्या साठ्यात ठेवतो: लाकूड, दगड, घडीव ठोकळे, हाडं, चामडं, तिन्ही कापडं, कच्ची आणि घासलेली रत्नं, दोन-तीन धातूंच्या कांड्या, कच्ची काच आणि शिंपले. बहुतेक वेळा अडतं ते शिंपल्यांवर. नदी-समुद्राजवळच्या किल्ल्यात मसल, ऑयस्टर किंवा कासवं पकडून फिशरीत साफ केली की ते मिळतात, पण रखरखीत जागी किल्ला असेल तर काफिल्याकडून शिंपले असणारे मासे आधीच घेऊन ठेवावे लागतात. दुसरी अडचण लोकर आणि रेशमाची. एक मेंढी पाळली तरी लोकरीचा प्रश्न सुटतो. आणि हा साठा मुलांच्या बरोत असला पाहिजे. सामान किल्ल्यात आहे पण बरोच्या बाहेर आहे, तर मूल वर्कशॉपमध्ये बसून राहतं आणि आपण उगाच शिंपले शोधत फिरतो. मूड सुरू झाल्याची सूचना आली की त्या मुलाला बरोतून काढूनच टाकावं, ते सगळ्यात सोपं. फक्त बाहेरचं दार बंद आहे याची खात्री करावी.

काही महिन्यांत सामान मिळालं नाही तर मूल वेडं होतं. कोणी खाणंपिणं सोडून झुरतं, कोणी कपडे फाडून भटकतं, कोणी दिसेल त्याच्यावर धावून जातं. त्यातून ते परत येत नाही. म्हणून मूडच्या काळात किल्ल्याची बाकी सगळी कामं थांबली तरी चालतील.

जमलं तर मात्र नऊ वर्षांचं मूल हाडांच्या कामात लेजंडरी असतं, आणि अठराव्या वर्षी पहिल्याच दिवसापासून उत्तम दर्जाचा माल देतं. मास्टरवर्क, म्हणजे सर्वोत्तम दर्जाच्या, वस्तूची किंमत साध्या वस्तूच्या १२ पट असते. दगडी कलाकुसरीचं असेल तर एका धोंड्यातून तीन पेले, दोन ऋतूंत अख्ख्या टॅव्हर्नला पुरतील आणि उरलेले काफिल्याला. हाडांचं असेल तर खाटीकखान्यातल्या हाडांतून क्रॉसबोचे बाण, तेही फुकट. ही मुलं ओळखून त्यांच्या नावापुढे टोपणनाव द्यावं, नाहीतर नऊ वर्षांनी ती गर्दीत हरवतात आणि वाहतुकीला लागतात.

लांबच्या किल्ल्यात ऑटोसेव्ह ऋतूप्रमाणे ठेवावा. ऋतू म्हणजे १७ मिनिटांचा खेळ. जूनमध्ये आपल्याकडे वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, आणि वर्षाचा सेव्ह असेल तर पूर्ण झालेला मूडही त्याबरोबर जातो.

अठरा वर्षांची प्रतीक्षा नकोच वाटत असेल तर क्रीचर फाइलीत ड्वार्फच्या नोंदीत चाइल्ड या टॅगपुढचा १८ बदलून १२ करता येतो. हे नवं जग तयार करण्याआधी करावं. शरीराची वाढ १२व्या वर्षी पूर्ण होते, त्यामुळे विसंगती येत नाही. पण मग मुलांच्या कामाची ही सगळी रचना सहा वर्षांनी आखडते आणि बारा ते अठरामधली दणकट वाहतूक करणारी फळी राहत नाही. दोन्ही प्रकारे खेळून बघितल्यावर आमचं मत १८च्या बाजूचं आहे.

मूल मोठं झाल्याची सूचना आली की गेम थांबवावा आणि त्याचं पान वाचावं. बरोतून काढावं, नाहीतर ते खाणीत जाऊच शकत नाही. मग त्याची ताकद, चिकाटी, आवडीनिवडी आणि स्वभाव बघून वर्क डिटेल ठरवावं. लेजंडरी असेल तर त्याच कामाचं, ‘फक्त निवडलेलेच’ या पर्यायाने, म्हणजे ओझी वाहण्यात त्याचा वेळ जाणार नाही. बाकीच्यांना पहिलं वर्ष खाणकाम द्यावं. ते भराभर शिकता येतं आणि अंगात बळ येतं. प्रत्येकाला स्वतःची कुदळ लागते, एका कुदळीवर दोघांना नेमलं तर दुसरा नुसता फिरत राहतो. वर्षाने त्यांतले दणकट निवडून दहा जणांच्या स्क्वॉडमध्ये घालावे, शक्यतो जिथे एखादा जुना तरबेज सैनिक शिकवायला आहे तिथे. स्क्वॉडमध्ये घालताना मायनर्सच्या वर्क डिटेलमधून त्यांचं नाव काढायला विसरू नये. कुदळ आणि गणवेशातलं शस्त्र यांच्यात ओढाताण होते, आणि ड्वार्फ दोन्ही टाकून रिकाम्या हाताने दारावर उभा राहतो.